सारायेव्होत जेवायच्या चौदा जागा

सारायेव्होत कुठे जेवावं हे मला आजही तोंडपाठ आहे. बटाट्याचा पिटा कुठे खावा, कॉफी कुठे प्यावी, अक्रोड भरलेलं सफरचंद कुठल्या दुकानात मागावं आणि कुठल्या दुकानात चुकूनही मागू नये, सगळं सांगेन. अडचण एवढीच, की मी सारायेव्होला कधी गेलेले नाही. ही सगळी माहिती मला क्रॉयडनमध्ये मिळाली, स्टेशनामागच्या गल्लीतल्या एका कॅफेत, चिप्सच्या वासात बसून.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या हे माझं काम, आणि घरचे म्हणायचे की हिला त्याचा पगार मिळतो हे नवलच, कारण ही ते फुकटातही करते. नवऱ्याला नोकरी मिळाली कॉव्हेंट्रीला आणि मला क्रॉयडनला, त्यामुळे आम्ही शनिवार-रविवारपुरते नवरा-बायको होतो. बाकीचे पाच दिवस मी भाड्याच्या एका खोलीत राहायची, आणि संध्याकाळी दार लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी मराठीत बोलणारं तिथे कोणी नसायचं.

सुरुवातीला मी ऑफिसला डबा न्यायची. एकदा मायक्रोवेव्हमध्ये मेथीची भाजी गरम केली, तर पलीकडच्या डेस्कवरची बाई काही न बोलता उठली आणि तिनं खिडकी उघडली. जानेवारीत. ती बोलली असती तर मी भांडले असते, पण न बोलता खिडकी उघडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? त्या दिवसापासून मी डबाच बंद केला. चूक तिची आणि उपाशी मी, हे मला तेव्हाही कळत होतं, पण राग नाकावर बसला की माझं हे असंच होतं. मग दोन आठवडे थंड सँडविचं खाल्ली. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुपारी बारा वाजता गार पाव आणि गार काकडी देणं ही शिक्षा आहे, असं माझं आजही मत आहे.

तिसऱ्या आठवड्यात ट्रामचे रूळ ओलांडून मी मागच्या गल्लीत शिरले आणि ते कॅफे सापडलं. सहा टेबलं, दारावर वाफ धरलेली काच, फळ्यावर खडूनं लिहिलेले नेहमीचे पदार्थ: ऑल डे ब्रेकफास्ट, बीन्स ऑन टोस्ट, जॅकेट पोटॅटो. काउंटरमागे पंचावन्नच्या आसपासची एक बाई होती, आखूड कापलेले पांढरे केस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, मागितला. त्यांनी तो आणून ठेवला आणि लोणी द्यायचं विसरून पाठ फिरवली. मला इतकी भूक लागली होती की तोंडातून इंग्रजी निघालंच नाही. पुण्यातल्या कुठल्याही दुकानात मारावी तशी मी हाक मारली, "काकू!"

"दोब्रो, दोब्रो," त्या मागे न वळता म्हणाल्या.

मग अचानक वळल्या आणि माझ्याकडे टक लावून पाहायला लागल्या. मी त्यांच्याकडे. त्यांच्या भाषेत 'काको' म्हणजे 'कसं काय'. मी खुशाली विचारली असं समजून त्यांनी 'छान, छान' असं उत्तर दिलं होतं, आणि क्रॉयडनमध्ये एका भारतीय मुलीनं आपल्याला आपल्या भाषेत खुशाली का विचारावी हे त्यांना उमगत नव्हतं. मी समजावून सांगितलं, की आमच्यात आईच्या वयाच्या बाईला काकू म्हणतात. त्या इतक्या हसल्या की चष्मा डोक्यावरून खाली आला. त्यानंतर मी त्यांना कायम काकूच म्हटलं, आणि रोज आत शिरताना मी "काकू!" म्हणायची आणि त्या "दोब्रो!" म्हणायच्या. बाकीच्या गिऱ्हाइकांना आम्ही दोघी एकाच गावच्या वाटत असू.

त्या सारायेव्होच्या. ब्याण्णव साली तिथे लढाई सुरू झाली, त्या वर्षी बसनं, मग आणखी एका बसनं, असं करत इंग्लंडला आलेल्या. एकट्याच होत्या. आधी इथे ऑफिसं झाडली, मग कॅन्टीनमध्ये काम केलं, मग हे कॅफे चालवायला घेतलं. गिऱ्हाइकांना त्या इंग्रजी जेवण द्यायच्या आणि स्वतःसाठी मागच्या शेगडीवर एक वेगळं पातेलं ठेवायच्या. त्या पातेल्यापर्यंत मी पोचले, त्याला आईचा फोन कारण झाला. आई फोनवर काहीतरी सांगत होती, आणि काकू समोरून ब्राउन सॉस हवा का विचारत होत्या. मी फोनमध्ये म्हटलं, "सबूर, आई, सबूर, एक मिनिट."

काकूंच्या हातातली बाटली तशीच राहिली. "तू साबूर म्हणालीस?"

त्यांच्याकडे साबूर म्हणजे धीर. त्यांची आई दिवसातून दहा वेळा म्हणायची. आमच्याकडेही तेच, मी म्हटलं. तो शब्द तुर्कांबरोबर त्यांच्याकडे गेला आणि दुसऱ्या वाटेनं आमच्याकडे आला हे मी पुढे वाचलं. पण त्या दुपारी आम्हाला दोघींना चोरीचा माल पकडल्यासारखा आनंद झाला. मग शोधच सुरू झाला. दुकान, त्यांचं दुचान. बदाम, बादेम. तवा, तावा. बक्षीस, बाकशिश. साबण, सापून. ऑर्डर लिहायच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही दोन रांगा करत गेलो. एखादा शब्द जुळला की त्या हातातलं काम टाकून टाळी द्यायच्या, आणि कोणीतरी इंग्रज माणूस आपल्या अंड्याची वाट बघत बसायचा.

गुरुवारी त्या पिटा करायच्या. मागच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून त्यावर पीठ ओढत ओढत न्यायच्या, चादरीची शिवण खालून दिसेपर्यंत. आई मांडे करताना हातावर असंच ओढायची. त्यात पालक नाहीतर बटाटा भरून, गुंडाळी करून, ताटात चकलीसारखं वळवून भट्टीत. सोबत पेलाभर पातळ दही, मीठ न घातलेलं. पहिल्या गुरुवारी, एका तुर्की दुकानाच्या पाटीवर वाचलेला शब्द वापरून, मी तोंड भरून म्हणाले, "काकू, हे बटाट्याचं बुरेक फार भारी झालंय." काय बिघडलं कळेना, त्यांनी माझ्यासमोरचं ताट उचललं. बुरेक म्हणजे फक्त मटणाचं. बटाट्याचा तो क्रोम्पिरुशा, चीजचा तो सिरनित्सा, पालकाचा तो झेल्यानित्सा, आणि हे सगळे पिटा. बटाट्याचं बुरेक असं फक्त परगावचे अडाणी लोक म्हणतात. मला जराही राग आला नाही. कोणी पोळीला चपाती म्हटलं की माझ्या कपाळावर जी आठी येते तीच त्यांच्या कपाळावर होती. मी दोनदा नीट 'क्रोम्पिरुशा' म्हणून दाखवलं, तेव्हा ताट परत मिळालं.

त्या वर्षी ईस्टरला चार दिवस जोडून सुट्टी होती. मी नवऱ्याला म्हटलं, आपण सारायेव्होला जाऊ. काकूंना सांगितलं तर त्यांनी ऑर्डरची वही ओढली आणि लिहायला बसल्या. कॉफीसाठी ही जागा, तिथे साखरेचा खडा कॉफीत टाकायचा नाही, टोक बुडवून चावायचा. पिटासाठी ही, कारण हा अजून झाकणावर निखारे ठेवून भाजतो. या गल्लीत मशीद, वळलं की चर्च, पुढे दुसऱ्या पंथाचं चर्च, त्याच्या मागे ज्यूंचं सिनेगॉग, आणि चारही ठिकाणची माणसं सुटली की याच एका मिठाईवाल्याकडे येतात. चालायचं कसं, वळायचं कुठे, कुठल्या वेटरशी हुज्जत घालायची नाही, सगळं. चौदा जागा झाल्या. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर, त्यांच्या वडिलांची खाणावळ.

वडिलांना त्या बाबो म्हणायच्या. मी माझ्या वडिलांना बाबा. जुन्या बाजारात आठ टेबलांची जागा, काउंटरवर वाफाळणारी पातेली रांगेनं मांडलेली, गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं आणि बाबोंनी वाढायचं. पातेली रिकामी झाली की दुकान बंद, मग दुपारचा एक वाजलेला असो. पुढच्या टेबलाखाली बसून काकू अक्षरं गिरवायला शिकल्या. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाबो आजारी पडून गेले. काकू तेव्हा इथे होत्या, त्यांना जाता आलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कप पुसता पुसता. आता त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, विमानं होती, गावात चुलत नातेवाईक होते. पण चौदा वर्षांत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. नातेवाइकांशी फोनवर बोलायच्या, पण खाणावळीचं त्यांनी कधी विचारलं नाही आणि पलीकडून कोणी सांगितलं नाही. वहीत मात्र त्यांनी लिहिलं, 'पहिल्यांदा इथे जा,' आणि वेळ लिहिली, साडेअकरा ते एक.

मी ते वाचलं. एक टेस्टर म्हणून मला त्यातली खोच कळायला हवी होती. कळली नाही.

आमचं जाणं झालंच नाही. व्हिसा वाढवायला पासपोर्ट सरकारी ऑफिसात गेले, ते ईस्टर उलटला तरी तिथेच. मी चिडून बसले, आणि चिडले की मला काहीतरी तपासायला लागतं. चौदा जागांची यादी मी एक्सेलमध्ये घातली. प्रवाशांच्या एका फोरमवर सारायेव्होतला एक शिक्षक भेटला. बिचारा इतका भला, की दोन रविवार फिरून त्यानं सगळ्या जागा पाहिल्या आणि मला कळवलं. मग मी ऑफिसातल्यासारखे कॉलम केले. अपेक्षित, प्रत्यक्ष, निकाल. जी जागा आहे तिथे हिरवा पास, जी नाही तिथे लाल फेल. नऊ पास झाल्या. काकूंना केवढा आनंद होईल म्हणून मी ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर ते छापलं आणि गुरुवारी, उड्या मारतच म्हणा ना, त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. पहिलीच ओळ होती. बाबोंची खाणावळ. अपेक्षित: आठ टेबलं, गरम जेवण. प्रत्यक्ष: मोबाईलचं दुकान. फेल.

त्यांनी पुढचं वाचलं नाही. कागदाची घडी घातली, ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन घे, गार होईल."

दुसऱ्या दिवशी मी "काकू!" म्हटलं. त्या म्हणाल्या, "यस, लव्ह?"

लव्ह त्या सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणायच्या. मला कधी म्हटलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी बीन्स ऑन टोस्ट खाल्लं, वेळेवर, गरम, हसून दिलेलं. गुरुवारी भट्टीतून वास यायचा, पण मागच्या टेबलाशी मला कोणी बोलावलं नाही. मला आधी रागच आला. मी काय खोटं लिहिलं होतं? शनिवारी कॉव्हेंट्रीला जाऊन नवऱ्यापुढे सगळं ओकले.

"अगं, तू त्यांच्या वडिलांच्या नावासमोर फेल लिहिलंस?" तो म्हणाला. "लाल रंगात?"

"वडिलांच्या नाही रे, दुकानाच्या. आणि फॅक्ट आहे ती."

"फॅक्ट त्यांना माहीत नसेल असं वाटतं तुला? शी वॉज नॉट आस्किंग, यार. प्रत्येक गोष्टीचं टेस्टिंग करायचं नसतं."

मी त्याच्याशीही भांडले. पण दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला आणि बोलता बोलता तिनं सांगितलं की माझी लुना विकली, उगाच जागा अडवत होती. कॉलेजातली लुना. मी तिच्यावर पुन्हा कधी बसणार नव्हते, मला ती नकोच होती, तरी मी आईवर अशी ओरडले की तिनं फोन बाबांकडे दिला. फोन ठेवल्यावर मात्र माझा चेहरा उतरला. एका लुनेसाठी माझं हे झालं होतं.

सोमवारी मी दुपारची गर्दी ओसरेपर्यंत थांबले. मग काउंटरशी जाऊन सरळ म्हणाले, "काकू, माझं चुकलं." मला माफी मागता येत नाही, तोंड वाकडं होतं. तसंच ते झालं असणार.

त्यांनी पुसलेला काउंटर पुन्हा पुसला. "तू खोटं नाही लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण मी तुला विचारलं नव्हतं." मग म्हणाल्या, "न विचारता मी चौदा वर्षं रोज तिथे जेवले. आता मला कुठे जेवावं ते कळत नाही."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर, भर दुकानात. त्यांनी मला टिश्यू नाही दिला, हातातलं फडकंच दिलं, व्हिनेगरचा वास येणारं.

उन्हाळा गेला. आमचं जुळलं, पण पहिल्यासारखं बडबडून नाही. मी कधी चुकून विचारलं, की काकू, तुम्ही जाणार का कधी, तर त्या म्हणायच्या, "साबूर." मी पुढचं बोलायची नाही. यादीचा कागद कधी दिसला नाही. माझ्या मनात मात्र तो रोज असायचा. त्या कधीच गेल्या नाहीत तर त्याला मी कारण, असं मला वाटायचं, आणि गेल्या आणि तिथे कोसळल्या, तर त्यालाही मीच.

ऑक्टोबरमध्ये मला कॉव्हेंट्रीजवळ काम मिळालं आणि महिनाअखेरीला क्रॉयडन सोडायचं ठरलं. हे सांगायला गेले तर कॅफेला कुलूप, दारावर चिकटवलेला कागद: दहा दिवस बंद. कुठे गेल्या ते लिहिलं नव्हतं. शेजारच्या ड्रायक्लीनरला विचारलं. तो म्हणाला, सूटकेस घेऊन गेल्या. ते दहा दिवस मी ऑफिसात काय काम केलं मला आठवत नाही. रोज दुपारी येऊन त्या कुलपाकडे बघून जायची, जसं काही माझ्या बघण्यानं ते उघडणार होतं.

उघडलं ते माझ्या शेवटच्या आठवड्यात. काकू आत होत्या, केस आणखी आखूड कापलेले, खुर्च्या टेबलांवरून खाली उतरवत होत्या. मी नेहमीची हाक मारू का नको या विचारात दारातच उभी राहिले. त्यांनीच आत बोलावलं, दार आतून लावलं आणि दोन कॉफ्या केल्या.

पहिले तीन दिवस त्या गल्लीत गेल्याच नाहीत, म्हणाल्या. नातेवाइकांकडे बसून राहिल्या. चौथ्या दिवशी एकट्या गेल्या. जिथे पातेली असायची तिथे आता मोबाईलची रंगीबेरंगी कव्हरं टांगली होती, आणि पुढच्या टेबलाच्या जागी एक टेबल होतं, त्यावरही कव्हरांचाच ढीग. दुकानदार चाळिशीतला, जाड भिंगांचा, स्वभावानं गरीब वाटला. त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरूनच काकूंनी ओळखलं, की हा लढाईनंतर दुसरीकडून इथे येऊन राहिलेला. त्यानं यांचा कोट पाहिला, बूट पाहिले आणि इंग्रजीत विचारलं, काय हवंय?

"आणि माझ्या तोंडातून काय निघालं सांगू?" काकू म्हणाल्या. "जस्ट लुकिंग, थँक यू. माझ्या बाबोच्या दुकानात मी म्हणाले, जस्ट लुकिंग."

मी कप खाली ठेवला.

"मग मला लाज वाटली. मी आमच्या भाषेत त्याच्याशी बोलले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, इथे जवळपास चांगलं जेवण कुठे मिळेल? त्याला फार आनंद झाला. म्हणाला, बाई, तुम्ही आमची भाषा किती छान बोलता! कुठे शिकलात?"

त्यांनी साखरेच्या खड्याचं टोक कॉफीत बुडवून चावलं.

"मी त्याला सांगितलं," काकू म्हणाल्या. "इथे. तुझं टेबल आहे ना, तिथेच, टेबलाखाली बसून."

"मग?"

"मग तो काउंटरच्या बाहेर आला. त्यानं टेबलावरची सगळी कव्हरं काढून जमिनीवर ठेवली, टेबल पुसलं, आणि मला म्हणाला, बसा."